विश्लेषण : मांडव्यात एकाच रस्त्यावरची मुले शाळेत मागे-पुढे का?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. प्रवास जेमतेम तासाभराचा. शनिवारी गाड्या उतरतात, बंगले उघडतात. त्या बंगल्यांची राखण, बागकाम, साफसफाई करणाऱ्यांची मुले मात्र बारा महिने इथल्याच शाळांत शिकतात.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला. बरेच झाले. जवळ शाळा असताना खासगी शाळेचे पैसे का भरायचे, हा हिशेब तिजोरीला सोयीचा. पण त्याने मालकाचे मूल एका वर्गात आणि माळ्याचे दुसऱ्या, ही वाटणी पक्की झाली असती.

जागा मिळाली की झाले?

नाही. हमी आठवीपर्यंतच. नववीची फी भरायची कोणी? शिकवणी, गृहपाठाला मोबाइल, घरात विचारायला शिकलेले माणूस, यांतले काहीच कायद्यात येत नाही.

रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबांची अडचण त्याहून मोठी. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जातात, वार्षिक परीक्षेच्या वेळी मूल भट्टीवरच असते. त्याच्या नापास होण्याला ‘अभ्यासात गती नाही’ म्हणणे सोपे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते घेऊन जायला भट्टीजवळ शाळा हवी.