वऱ्हाडीतली ‘अयी’ मशीनला ‘आई’ का वाटू शकते?

मोबाइलला मराठीत प्रश्न विचारायचा आणि मराठीतच उत्तर मिळवायचं, ही सोय आता शेतीपर्यंत पोहोचली आहे. पीएम-किसान योजनेसाठी केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२३मध्ये ‘किसान ई-मित्र’ हा चॅटबॉट आणला. राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ ॲप २०२५मध्ये आलं. पण ‘मराठी समजते’ म्हणजे नेमकी कोणाची मराठी समजते?

समजा, धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं अशा एखाद्या यंत्रणेला विचारलं: “माया वावरात पऱ्हाटीवर अयी पडली, कोनतं औषध फवारू?” म्हणजे, माझ्या शेतात कपाशीवर अळी पडली आहे, कोणतं औषध फवारू? मशीननं ‘अयी’ऐवजी ‘आई’ ऐकलं, तर अळीचा प्रश्नच गायब!

असं का होऊ शकतं?

आवाज ओळखणारी यंत्रणा फक्त आवाजावर चालत नाही. एकसारखे वाटणारे दोन शब्द समोर आले, की आधी वाचलेल्या मजकुरात जो जास्त वेळा आला तो ती निवडते. इंटरनेटवरचा मराठी मजकूर बहुतेक प्रमाण भाषेत आहे. त्यात ‘आई’ पावलोपावली सापडते, ‘अयी’ जवळपास नाहीच.

मग ‘ळ’च्या जागी ‘य’ हा नियम शिकवला तर?

वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि ‘काळा’चा ‘काया’. पण प्रत्येक ‘य’मागे ‘ळ’ नसतो. ‘पाय’ हा पायच असतो आणि ‘माया’ म्हणजे ‘माझ्या’. नियम कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे वाक्य पाहूनच ठरतं. इथे भाषाशास्त्राची गरज लागते.

चूक मोजतात कशी?

चुकलेले, गाळलेले आणि जास्तीचे शब्द मोजून त्यांना मूळ वाक्यातल्या एकूण शब्दांनी भागतात. वरच्या वाक्यात आठ शब्द आहेत. फक्त ‘अयी’ चुकली तर चूक १२.५ टक्के. उलट मशीननं ‘वावरात’चं ‘शेतात’ आणि ‘कोनतं’चं ‘कोणतं’ केलं, तर चूक २५ टक्के, पण अर्थ शाबूत! म्हणजे कमी टक्केवारी असलेलं उत्तर शेतकऱ्याच्या जास्त कामाचं असेलच असं नाही.

दुसरी गोम सरासरीत आहे. समजा, चाचणीत सारख्याच लांबीची १०० वाक्यं आहेत: ९० प्रमाण मराठीतली, १० वऱ्हाडीतली. पहिल्यांत ५ टक्के शब्द चुकले आणि दुसऱ्यांत ४०, तरी सरासरी निघते ८.५ टक्के. कागदावर आकडा झकास, वऱ्हाडात मात्र दर पाचातले दोन शब्द चुकलेले.

कुणी काम करतंय का?

हो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘रेस्पिन’ प्रकल्पात शेती आणि आर्थिक व्यवहारांशी संबंधित वाक्यं नऊ भाषांत रेकॉर्ड केली गेली. त्यात मराठीच्या बोलींमध्ये वऱ्हाडीही आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं असून त्यातली माहिती ऑनलाइन पाहता येते. अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालं आहे.

म्हणजे वऱ्हाडीचा डेटाच नाही, ही सबब आता पुरेशी नाही. प्रश्न आहे तो चाचणीचा. सरकारी पैशातून चालणाऱ्या यंत्रणेनं बोलीनुसार वेगळे आकडे जाहीर करावेत. पीक, कीड, औषध, रक्कम हे शब्द किती वेळा चुकले, तेही वेगळं सांगावं. मधल्या एखाद्या ‘आहे’ची चूक खपून जाईल. औषधाचं नाव चुकलं, तर फवारणीचा खर्च आणि हंगाम दोन्ही शेतकऱ्याच्याच माथी येतात.