मागें घेण्यापूर्वीं

मोटार पुढें नेण्याची विद्या घरांतील तरुण मंडळी चार आठवड्यांत शिकतात. ती मागें घेण्याची विद्या मात्र पुष्कळांस वर्षानुवर्षें येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. एकत्र कुटुंबांत गाडी एक आणि हांकणारे हात पांच असले, म्हणजे या अज्ञानाचा पुकारा रोज सकाळीं साऱ्या आळीला ऐकूं जातो. रिव्हर्स गिअर टाकतांना होणारी ती कर्रर्र अशी घरघर आमच्या दारीं कित्येक महिने चालली होती. थोरले बंधु म्हणत, ही गाडीची खोडच आहे. पुतण्या म्हणे, बाबांनीं क्लच बिघडविला. आणि आम्ही, दोघांचेंही मन राखावें म्हणून, स्वस्थ बसत होतों. या स्वस्थ बसण्याचें फळ आम्हांस पाबे घाटांत मिळालें.

गेल्या चैत्रांत भोरच्या राजवाड्यांतील रामनवमीचा उत्सव पाहावा, अशी आमच्या मातुःश्रींची इच्छा झाली. वाटेंत वेल्ह्यास मेंगाईचें दर्शनही घडावें, म्हणून आम्हीं साताऱ्याचा हमरस्ता सोडून खडकवासल्यावरून पाबे घाटाची वाट धरली. खिंड ओलांडली, समोर तोरणा आणि राजगड दोन्ही दिसूं लागले, मातुःश्रींनीं हात जोडले. बाराच्या आंत भोर गांठावयाचें असल्यामुळें पुतण्यानें उतारावर वेग जरा अधिकच ठेवला होता. इतक्यांत एका अरुंद वळणावर विटांनीं भरलेला एक टेंपो चढून समोर आला.

घाटाचा दंडक जुना आहे. रस्ता अरुंद असेल तेथें उतरणाऱ्यानें चढणाऱ्यास वाट द्यावी. २०१७ सालच्या वाहनचालनाच्या विनियमांतही तोच नियम आहे. त्यास कारणही सबळ आहे. भरलेली गाडी चढावर थांबली कीं पुन्हां सुटणें कठीण, आणि मागें सरकली तर तिला आवरणें त्याहून कठीण. तेव्हां मागें जाणें आमच्याच वांट्यास आलें. पुतण्यानें गाडी पुरती थांबण्यापूर्वींच रिव्हर्स टाकावयास दांडा ओढला. गाडीनें असे करकरा दांत खाल्ले कीं, मागें बसलेल्या मातुःश्री म्हणाल्या, "अरे, हिला एवढा राग कशाचा आला?" मुलगा ओशाळला आणि अधिकच जोर करूं लागला. दोन खेपा झाल्या, तीन झाल्या. प्रत्येक खेपेस ब्रेकवरील पाय ढिला होई आणि गाडी वीतभर पुढें सरके. डाव्या अंगास दरी होती.

टेंपोचा चालक पिकल्या केसांचा गृहस्थ होता. आपल्या चाकास दगड लावून तो शांतपणें आमच्या खिडकीशीं आला. "दमानं, दादा. आधी हातब्रेक वढा. क्लच पुरा दाबा. आता पहिला टाका, मंग मागचा." पुतण्यानें तसें केलें, आणि जो गिअर इतका वेळ भांडत होता तो मुकाट्यानें बसला. बंधु आणि आम्ही खालीं उतरून दरीच्या बाजूस उभे राहिलों आणि हातानें खुणा करीत गाडी रुंद जागेपर्यंत मागें आणविली. टेंपो वर गेला. जातांना चालकानें राम राम केला. भोरास पोहोंचलों तेव्हां रामजन्म होऊन गेला होता. सुंठवडा तेवढा हातीं पडला.

परतल्यावर आम्हीं एका जाणत्या मिस्त्रीकडून या घरघरीचें कारण समजून घेतलें. क्लच दाबला म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध तुटतो. परंतु पेटींतील इंजिनाकडचा दांडा, दोरी सुटल्यावरही भोंवरा फिरत राहावा तसा, क्षणभर फिरतच राहतो. पुढच्या गिअरांत याची सोय असते. तेथें एक पितळी कडें प्रथम घांसून दोहोंची गति सारखी करतें आणि मगच दांतांत दांत बसूं देतें. या योजनेस सिंक्रोमेश म्हणतात. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम आली. त्यापूर्वीं चालकासच इंजिनाचा वेग कानानें ओळखून जुळवावा लागे. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला मात्र ही सोय दिलेली नसते, कारण तो उभ्या गाडींतच टाकावयाचा असतो. तेथें दोन चक्रांच्या मध्यें तिसरें चक्र सरकवून दिशा उलटी करतात. गाडी उभी असतां चाकांकडचें चक्र स्थिर आणि इंजिनाकडचें अजून फिरतें. अशा वेळीं तिसरें मध्यें लोटलें कीं दांतांवर दांत आपटतात. टेंपोवाल्याची युक्ति यावरच होती. पहिला गिअर टाकतांच त्याचें पितळी कडें फिरत्या दांड्यास थांबवितें. मग रिव्हर्स निमूटपणें बसतो.

म्हणून घरोघरच्या चालकांस आमचें सांगणें इतकेंच. गाडी पूर्ण थांबवावी, क्लच तळापर्यंत दाबावा, मनांत तीन आंकडे मोजावे आणि मग रिव्हर्स टाकावा. दांत समोरासमोर येऊन गिअर अडला, तर जोर न करतां दांडा मोकळा ठेवून क्लच एकदां सोडावा आणि पुन्हां दाबावा. पांच-सहा आंकडे मोजूनही घरघर राहिली, तर मात्र क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. त्याची तार ताणली असेल, किंवा तेलावर चालणारा क्लच असल्यास तेल कमी झालें असेल; अशी गाडी लौकर दाखवावी. मागें जातांना येणारा नुसता हुंकार हा दोष नव्हे. तो सरळ कापलेल्या दांतांचा स्वभाव आहे.

आमच्या गाडीचा क्लच निर्दोष निघाला. त्याच्याखालीं रबरी चटई मात्र दुमडून बसली होती, त्यामुळें तो तळापर्यंत जातच नव्हता. उरलेला दोष पांचही हातांच्या घाईचा. पेटींतील तेल काढलें तेव्हां त्यांत लोखंडाचे चकचकीत कण दिसले. मिस्त्री म्हणाला, अजून दांत शाबूत आहेत, पण आणखी वर्षभर असेंच चालतें तर पेटी उघडावी लागती. ते कण पाहून बंधूंनीं खोडीचें नांव काढणें सोडलें, आणि पुतण्यानें बाबांचें.

परवां आळींतून गाडी मागें घेतांना ती घरघर ऐकूं आली नाहीं, म्हणून आम्हीं खिडकींतून डोकावून पाहिलें. पुतण्या क्लच दाबून स्वस्थ बसला होता. मागच्या बैठकीवरून मातुःश्री त्याच्यासाठीं तीन आंकडे मोजीत होत्या. तेही आंकड्यांनीं नव्हे, तर "राम, राम, राम" असे.