दोनदा, की दर दोन तासांनी?

मराठी घरांत राजकारणावरून जेवढे वाद होतात, तेवढेच हल्ली 'दिवसातून किती वेळा खावं' यावरून होतात. एक गट म्हणतो फक्त दोनदा. दुसरा गट म्हणतो थोडं थोडं, पण दर दोन तासांनी. दोन्ही गटांत वजन उतरलेले, शुगर सुधारलेले लोक आहेत आणि दोन्ही गटांना दुसरा गट येडा वाटतो!

मी सावनेरचा. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आमचं गाव. यातलं 'दोनदा'चं प्रकरण आमच्याच जिल्ह्यातून निघालेलं आहे, त्यामुळे त्यावर दोन शब्द बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो.

काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार आठवतात का? ढीगभर पदव्या मिळवलेले, १९८० मधे अगदी तरुण वयात आमदार झालेले. बहुतेकांना त्यांच्या पदव्याच ठाऊक असतात. पण ते एम.डी. झालेले डॉक्टरही होते आणि आहारावर भाषणं द्यायचे. दोनच वेळा जेवा, मधे काही खाऊ नका, म्हणजे शरीरात इन्शुलिन सारखं सारखं वाढणार नाही, असा त्यांचा सांगावा होता. २००४ मधे ते अपघातात गेले. पुढे सामुदायिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तोच विचार घरोघरी नेला आणि त्याचं श्रेय जाहीरपणे जिचकारांना दिलं. दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटं चालणं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांचं २००९ चं पुस्तक 'दर दोन तासांनी खा' असं सांगत होतं. २०१८ च्या सुमारास समाजमाध्यमांवर या दोन पंथांची जी जुंपली, ती अजून पुरती थांबलेली नाही.

माझं मत असं की भांडणाचा विषयच चुकलाय. आकड्यापेक्षा ताट महत्त्वाचं आहे.

आधी शरीरात काय होतं ते बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० च्या आसपास, म्हणजे लिटरला एक ग्रॅम. थोडक्यात, आपल्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? पाच ग्रॅम. एक चमचा! आता सकाळी एक प्लेट पोहे खाल्ले की पन्नासेक ग्रॅम स्टार्च पोटात जातो, ज्याची शेवटी साखरच होते. म्हणजे रक्तात आहे त्याच्या दहापट माल एका प्लेटीत आला. तो हळूहळू आला तर स्वादुपिंड इन्शुलिन सोडून निवांतपणे आवरतं. एकदम आला तर धावपळ. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. दिवसभराचा सरासरी लोड ठीक असला, तरी सर्व्हर बसतो तो ऐन वेळच्या झटक्यानं.

माल हळू यायचा तर ताटात तंतू, प्रथिनं आणि थोडी चरबी हवी, म्हणजे जठर सावकाश रिकामं होतं. आणि जेवणानंतर थोडं चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. इतकं साधं आहे.

आता ऑफिसातला दिवस आठवा. सकाळचा चहा, अकराचा चहा, चारचा चहा, घरी आल्यावर चहा. कपात दोन चमचे धरले तर चार कपांत ३५-४० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मधे वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सुचवलंय. त्यात बिस्किटं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मीटिंगमधला सामोसा. दोनदा जेवणारा माणूस हे सगळं एका फटक्यात बंद करतो. दर दोन तासांनी खाणारा जर खरोखर मूठभर शेंगदाणे, फुटाणे, ताक, एखादं फळ घेत असेल, तर त्याचंही हेच सगळं बंद होतं. माझ्या मते दोन्ही पंथांच्या यशाचा मोठा वाटा इथेच आहे. 'दर दोन तासांनी'च्या नावाखाली बिस्किटांचा पुडा फोडणारा आणि 'दोनदाच' म्हणून दोन्ही वेळा भाताचा डोंगर उपसणारा, हे दोघेही शेवटी एकाच लॅबच्या रांगेत भेटतात.

मग ताटात काय असावं? इथे लोक लगेच म्हणतील, ज्वारीची भाकरी! खा ना, मीही खातो. २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षच होतं. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा आहारावरचा भाग २०२५ मधे प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसती पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाची किंवा भरडधान्याची पीठं आणली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळींची किंवा दूधदुभत्याची प्रथिनं आणली, तर मात्र दिसतो. म्हणजे पोळीच्या जागी तीन भाकरी हे उत्तर नाही. एक भाकरी कमी आणि झुणका दुप्पट, हे आहे.

आणि यासाठी आम्हाला सावनेरात काही परदेशी आणावं लागत नाही. घट्ट वरण, झुणका, डाळ घातलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक. तर्री पोह्यांचंच घ्या. त्यातली साखर वाढवणारी वस्तू म्हणजे पोहे, आणि सावरणारी वस्तू म्हणजे तर्रीतले चणे. तेव्हा 'भाऊ, पोहे अर्धे अन् चणे जास्त' असं सांगायला शिका. वरचा शेव-चिवडा नको म्हणा.

तीच गोष्ट संत्र्याची. आमच्याकडे हंगामात घरात टोपलीनं संत्री असतात. एक संत्रं सोलून खाल्लं तर साधारण १२ ग्रॅम साखर आणि सोबत तंतू. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, तंतू जवळजवळ सगळे गाळणीत राहतात आणि साखर दोन मिनिटांत घशाखाली. संत्रं खावं, पिऊ नये. संत्रा बर्फी ही पाहुण्यांना द्यायची वस्तू आहे!

आणखी एक फुकटातली युक्ती, क्रम. न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या अभ्यासात (२०१५, फक्त ११ रुग्ण, सगळे मधुमेही) तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड शेवटी, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर उलट्या क्रमापेक्षा ३७ टक्क्यांनी कमी भरली. अभ्यास लहान आहे, मान्य. पण आधी भाजी, कोशिंबीर, वरण आणि मग भाकरी-भात, यात गमवायचं काय आहे?

'मी बारीक आहे, मला काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी एक जोडी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ मधे त्यांनी दोघांच्या फोटोसकट हे 'लॅन्सेट'मधे छापलं. आपण भारतीय बारीक दिसतो, असतोच असं नाही.

हे सगळं आत्ता, तिशीत का करायचं? चेन्नईतल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं (निकाल २००६). नेहमीसारखं जगणाऱ्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार आणि चालणं सुधारणाऱ्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे फरक पडतो, पण सगळेच वाचत नाहीत. म्हणून उंबरठ्यावर यायच्या आधीच सुरुवात केलेली बरी. २०२३ च्या इंडियाबच्या आकड्यांनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि उंबरठ्यावर १३.६ कोटी. त्या १३.६ कोटींतल्या बऱ्याच जणांना हे माहीतही नसेल, कारण दुखत काहीच नाही. एचबीए१सी तपासा. ५.७ ते ६.४ आलं तर तुम्ही उंबरठ्यावर आहात.

एक मात्र गंभीरपणे. आधीच इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. साखर एकदम खाली जाणं हे वर जाण्यापेक्षा लवकर जिवावर बेततं.

बाकी दोनदा जेवा, तीनदा जेवा, तुम्हाला आयुष्यभर झेपेल ते करा. फक्त सोमवारी अकराच्या चहाला साखर नको म्हणून सांगा, आणि डब्यात पोळी एक कमी अन् उसळ एक वाटी जास्त घ्या.