नाकावर विसंबू नका



शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वायूंचा धडा असतो. मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात, आणि आपण मोठी माणसे तिकडे बघतही नाही. पण गटारात आणि संडासाच्या टाकीत उतरणारी माणसे आपल्याच वस्त्यांतली. म्हणून हा धडा आधी आपण वाचावा असे आम्हांला वाटते.

वायू डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचे वजन सारखे नसते. इटलीच्या अॅव्होगॅड्रो या शास्त्रज्ञाने १८११ साली मांडले की, तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकाराच्या भांड्यात कोणत्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने मावतात. मग ज्याचा रेणू जड, तो वायू जड. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान २९. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या प्रोपेनचे ४४, ब्युटेनचे ५८. म्हणूनच गळलेला गॅस छताकडे न जाता फरशीवर पसरतो.

गटारातला मोठा वैरी हायड्रोजन सल्फाइड, ३४ चा. मैला व गाळ हवेवाचून कुजला की तो तळाशी तयार होतो. वायूचा स्वभाव पसरण्याचा. उघड्यावर तो वाऱ्याबरोबर विरून जातो. मॅनहोलमध्ये वारा कुठला? तिथे तो साचून राहतो. गाळातही विरघळलेला असतो. फावड्याने गाळ ढवळला की सोड्याची बाटली हलवावी तसा एकदम उसळून बाहेर येतो. वरून ठीक वाटलेली टाकी आत उतरल्यावर जीवघेणी होते ती अशी.

त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, ही समजूत मात्र प्राण घेणारी आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकच बधिर होते. वास थांबतो, वायू थांबत नाही. प्रमाण हजाराच्या घरात गेले तर दोन-चार श्वासांतच माणूस कोसळतो.

काडी किंवा कंदील पेटवून पाहणे तर त्याहून वाईट. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते. तेवत राहिली म्हणून विष नाही असे मुळीच नाही. शिवाय गटारात मिथेन असतो, हलका, १६ चा, आणि पेट घेणारा. स्फोटाला एक काडी पुरते. तोंडावर बांधलेला रुमालही कोणताच वायू अडवत नाही. खात्री करायची ती वायुमापक यंत्राने.

एक कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. भाऊ असतो, मुलगा असतो, राहवत नाही. तरीही श्वसनयंत्र आणि कमरेला दोर असल्याशिवाय उतरू नये. अग्निशामक दलाला बोलवावे. घरातल्या बायकांनीही हे आपल्या माणसांना बजावून ठेवावे.

संरक्षक साधनांवाचून माणूस गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण ती घ्यायला माणूस उरत नाही. ठेकेदार म्हणेल, पाच मिनिटांचे काम आहे. मापक कुठे आहे आणि दोर कोण धरणार, हे त्याला झाकण उघडण्यापूर्वी विचारावे.