हंगाम ताटातला, ऋतू जठरातला

मुंबईत २०१५ साली सुरू झालेल्या ‘द बॉम्बे कॅन्टीन’सारख्या उपाहारगृहांनी हंगामी, स्थानिक भाज्यांना प्रतिष्ठा दिली, हे स्वागतार्हच आहे. तथापि बाजारातील हंगाम म्हणजे ऋतुचर्या नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘तस्याशितीय’ अध्यायात ऋतूनुसार आहार सांगताना अग्निबलाचा विचार केला आहे. हेमंतात प्रबल असलेला अग्नी गुरू, स्निग्ध अन्न पचवतो. वर्षाऋतूत तो मंदावतो. म्हणून श्रावणात रात्री अकराला लोण्यात परतून वाढलेला टाकळा हंगामी खरा, पथ्यकर नव्हे. रुग्ण मात्र ऋतू मेनूकार्डात शोधतो आणि आपल्याकडे केवळ पाचक चूर्ण मागतो. वैद्यांनी चिठ्ठीवर आणि औषधविक्रेत्यांनी हिंग्वाष्टक देताना ऋतूनुरूप पथ्याचे दोन शब्द अवश्य सांगावेत. अन्यथा ऋतुचर्या सांगण्याचा अधिकार आपणच बल्लवाचार्यांच्या स्वाधीन करू.