अभ्यासाला येण्याआधी पत्र वाचून या



बायबल अभ्यासाला आपण बहुतेक जण हात हलवत येतो. धडा न वाचता आलेलं पोर मास्तरांना लगेच ओळखू येतं! या खेपेस संत पौलाचं फिलेमोनला लिहिलेलं पत्र घरी एका बैठकीत, मोठ्यानं वाचून या. अवघी 25 वचनं आहेत.

पौल तुरुंगातून लिहितो : तुझा दास अनेसिम परत पाठवतोय, त्याला भाऊ म्हणून घे, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. पत्र फिलेमोनच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. म्हणजे त्याला निर्णय चारचौघांदेखत घ्यायचा होता.

आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा आहे का, तेही बघून या. माझ्या घरी होता.