उपदेश पुरे, गोष्ट सांगा!

मराठी ख्रिस्ती माणसाला जन्मभर एक प्रशस्तिपत्र फुकट मिळत असते. “अरे वा, तुमचे मराठी फारच चांगले आहे हो!” लोकलच्या डब्यात मिळते, बँकेच्या खिडकीपाशी मिळते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाकडून मिळते. डोंबिवलीत राहायला आल्यापासून मला ती इतकी मिळाली आहेत की चौकटीत बसवून टांगायची म्हटली, तर दोन खोल्यांच्या भिंती पुरायच्या नाहीत. माझी आजी नगर जिल्ह्यातली. जात्यावर दळण दळताना ती ओव्या म्हणे, आणि त्यांत येशूही येई आणि विठोबाच्या वारीला निघालेली शेजारीणही येई. त्या बाईच्या मांडीवर वाढलेल्या माणसाचे मराठी चांगले नसावे, तर मग कोणाचे असावे? नाताळात आमच्या घरून ताट जाते, त्यात करंज्या, चकल्या, शेव आणि जमल्यास अनारसे असतात. वरच्या मजल्यावरच्या काकू ते ताट घेतात, वरचा रुमाल बाजूला सारतात आणि दरवर्षी तितक्याच प्रेमाने विचारतात, “हे काय? केक नाही का?”

या काकूंवर माझा राग नाही. त्यांनी सिनेमात पाहिलेला ख्रिस्ती माणूस केक खातो, टोपी घालतो आणि ‘हम तुमको बोला’ असे बोलतो. आमची गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नाही. ती सांगायची कोणी? सरकारने? शाळेच्या पुस्तकाने? ती आम्ही सांगायची होती, आणि आम्ही काय केले? आम्ही उपदेश केला! या दिवाळीच्या निमित्ताने मला दोघांशीही भांडायचे आहे, शेजाऱ्यांशी थोडे आणि स्वकीयांशी पुष्कळ. फराळाच्या ताटावर भांडण नको असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी खुशाल पान उलटावे.

शेजाऱ्यांचे आधी उरकतो. ख्रिस्ती धर्म इंग्रजांच्या बोटीतून उतरला, ही समजूत आपल्या शहाण्यासुरत्या मंडळीतही पक्की आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात ‘कलियाना’ येथे इराणातून नेमलेला एक बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हे कलियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या सातशे वर्षे आधीची ही हकीकत. आपल्या ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, आणि त्यांची कथा ओडोरिक नावाच्या प्रवाशाने युरोपभर नेली. मासुंदा तलावाशेजारच्या पोर्तुगीज काळातल्या देवळावरून रोज हजारो माणसे जातात, पण ठाण्याला हा सातशे वर्षांचा इतिहास आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? कोकणपट्टीत कोळी आणि आगरी वस्त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी ती मंडळी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. नावाने फसू नका. नाव 1887 सालचे, इंग्रजी अमदानीतले, पण त्यांच्या घरातली बोली मराठीच, आणि लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणणाऱ्या त्यांच्या बायकांना परक्या म्हणण्याची कोणाची बिशाद आहे?

इतके शेजाऱ्यांना पुरे. आता माझ्या माणसांकडे वळतो.

आमच्याकडे ‘साक्ष’ नावाचा एक प्रकार आहे. प्रभूने माझ्या आयुष्यात काय केले, हे मंडळीपुढे उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष. मूळ कल्पना किती सुंदर! बाई उभी राहते, पदर सावरते आणि आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगते. पण आज आमच्या साक्षी ऐका. आधी मी पापी होतो, मग आजारी पडलो, मग डॉक्टरांनी हात टेकले, मग प्रार्थना झाली, मग बरा झालो, हालेलूया. पुढच्या रविवारी दुसरा मनुष्य उठतो आणि आजाराचे नाव तेवढे बदलतो. ज्याचा मुलगा बरा झाला नाही, तो बापडा मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेला असतो. त्याच्यापाशीही गोष्ट आहे, कदाचित सर्वांत मोठी गोष्ट त्याच्यापाशीच आहे, पण ती साच्यात बसत नाही, म्हणून त्याला कोणी उठवत नाही. अशा साक्षींनी श्रद्धा वाढते असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या मागच्या बाकावर जाऊन बसावे.

दुसरा मासला प्रवचनाचा. येशूने दाखले सांगितले. पेरणारा, हरवलेले मेंढरू, पीठ आंबवणारी बाई. पुष्कळदा त्याने अर्थही सांगितला नाही; ज्याला कान आहेत त्याने ऐकावे, एवढेच म्हणून तो पुढे गेला. आमचे पाळक मात्र दाखला दोन मिनिटांत आटोपतात आणि तात्पर्य चाळीस मिनिटे सांगतात. उसाचा रस सांडून देऊन चिपाडे वाटण्याचाच हा प्रकार!

उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. माझी आजी ती कशी सांगे, ते सांगतो. धाकट्याने वाटणी मागितली. बाप जिवंत असताना वाटणी मागायची म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ती म्हणे, “त्याने बापाला सांगितले, तू माझ्यापुरता मेलास.” मग तो पोरगा पैसे घेऊन दूरदेशी गेला, आजीच्या भूगोलात दूरदेश म्हणजे मुंबई. तिथे पैसे उडाले, दुष्काळ पडला, डुकरे राखायची पाळी आली. दुष्काळ या शब्दापाशी आजी थांबे, कारण तो तिने पाहिला होता. मग पोरगा परत निघतो, आणि बाप त्याला लांबूनच पाहून धावत सुटतो. “म्हातारा माणूस गावात कधी धावतो का रे?” आजी विचारी. “चालतो, काठी टेकतो. हा धावला. धोतराचा सोगा सुटला, तरी धावला.” आणि मग ती आम्हां मुलांना विचारी, “या सगळ्यांत त्याची आई कुठे होती?”

पुस्तकात आई नाही. आजीने मात्र तिला सोडली नव्हती. पोरगा गेल्यापासून त्या माउलीने रोज रात्री एक भाकरी जास्तीची थापली आणि शिंक्यात ठेवली. सकाळी ती शिळी भाकरी स्वतः खाल्ली आणि रात्री पुन्हा नवी थापली. हे सांगून झाले की आजी न चुकता पुढे म्हणे, “हे माझे आहे हं, पुस्तकातले नव्हे.”

आमच्या गावच्या एका पाळकांच्या कानावर ही भाकरी गेली आणि ते घरी आले. शास्त्रात भर घालणे हे पाप आहे, असे त्यांनी आजीला बजावले. ती निरक्षर, ते शिकलेले. तिने उलट उत्तर दिले नाही, चहा दिला. मात्र भाकरी गोष्टीतून काढली नाही.

पाळकांचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे मी म्हणणार नाही. जो तो आपल्या पदरची भर घालू लागला तर मूळ शास्त्र उरायचे कुठे, ही भीती खरी आहे. परंतु भर घालून ती शास्त्राच्या नावावर खपवणे वेगळे आणि “हे माझे आहे” असे सांगून आपल्या घरची भाकरी गोष्टीच्या ताटात वाढणे वेगळे. पहिल्यात फसवणूक आहे, दुसऱ्यात पाहुणचार आहे. एवढा भेद ज्या निरक्षर बाईला कळला होता, तो शिकलेल्यांना कळू नये?

हा भेद आमच्या भाषेत फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. अकरा हजारांच्या घरात ओव्या, आणि मराठी ओव्या! या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती मंडळींपैकी एकजण पाद्रीगुरूंना म्हणतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत ऐकण्याजोगे दुसरे काही द्या. हा प्रसंग प्रत्येक पाळकाने घरात लिहून लावावा. धर्म बदललेल्या त्या माणसाने नियमांचे पुस्तक मागितले नाही, वादाचे मुद्दे मागितले नाहीत. संध्याकाळी घरची सगळी माणसे बसून ऐकतील असे पुराण त्याने मागितले. आणि स्टीफन्सने ते दिले. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातल्या तीन छापील आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत मिळत नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत, दक्षिणेकडे मंगळूरला गेलेल्या कुटुंबांच्या घरांत. 1907 साली तो पुन्हा छापला गेला, तोही तिथेच. राजाने भाषा बंद केली, तरी घरांनी गोष्ट सोडली नाही. आज आम्हांला फर्मान कोणी काढलेले नाही. आम्ही ते आपणहून पाळत आहोत!

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईचे घर दुभंगले. वडील सोवळ्यात इतके बुडालेले की बाजारातून आलेले जिन्नसही धुवून घ्यायचे, आणि नवरा ख्रिस्ती झालेला. 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण कोणाचा वाद ऐकून नव्हे. सोवळेओवळे, जातपात हे देवाचे की माणसाचे, याचा त्यांनी आपल्या मनाशी, आपल्या चुलीपाशी विचार केला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. 1934 ते 36 या काळात ती प्रसिद्ध झाली आणि आजही कोणत्याही मराठी घरात, कोणत्याही धर्माचा माणूस ती हसत हसत आणि मध्येच डोळे पुसत वाचतो. त्या पुस्तकात प्रवचन नाही. नवऱ्याची थट्टा आहे, मिशनऱ्यांची थट्टा आहे, स्वतःची तर आहेच. बाबा पदमनजींनी 1857 साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा. विधवांच्या दुःखाबद्दलचा त्यांचा कळवळाही खरा. पण त्यात गोष्ट आणि उपदेश एकाच खोलीत राहतात आणि उपदेश सारखा मध्ये बोलतो. म्हणूनच एक पुस्तक परीक्षेसाठी वाचले जाते आणि दुसरे झोप येईना म्हणून उशाशी घेतले जाते. गेल्या शतकाआधीच्या मिशनच्या कित्येक पत्रकांनी तर शेजाऱ्याच्या देवांची नालस्ती करण्यातच शाई खर्ची घातली. त्याला गोष्ट म्हणत नाहीत, भांडण म्हणतात. आणि त्या भांडणाचे व्याज आम्ही अजून फेडतो आहोत.

ते व्याज कसे फेडावे लागते, हे 2019 साली दिसले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालवलेला, वसईच्या हिरवळीसाठी रस्त्यावर उतरलेला, अख्खे बायबल सुबोध मराठीत आणणारा हा माणूस. तरीही एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवला, ते अध्यक्ष म्हणून बोललेच. 2024 साली ते गेले. त्यांना विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांची चार पाने वाचली होती, हा प्रश्न मी विचारतो. आणि त्याच दमात आमच्या मंडळींनाही विचारतो, की तुमच्यापैकी किती जणांनी वाचली होती? शेजाऱ्याची गोष्ट ठाऊक नसली की माणूस तिथे आपली एक गोष्ट रचून ठेवतो, आणि ती क्वचितच चांगली असते.

आता घरातले सांगतो. डोंबिवलीतले आमचे घर इतरांसारखेच आहे. मुलगा सकाळची लोकल पकडतो, सून त्याच्याही आधीची पकडते, रात्री दोघे परततात तेव्हा बोलण्याचे त्राण नसते. आजीच्या वेळी कंदिलाच्या उजेडात कौटुंबिक प्रार्थना होई. आता नातवंडे इंग्रजीत दोन ओळी पुटपुटतात आणि मोबाईलवर बायबलची चित्रे पाहतात. त्या चित्रांत उधळ्या पुत्राचा बाप पिंगट दाढीचा आहे, आणि तो धावत नाही, हात पसरून उभा राहतो. मी सुनेशी बोललो. ती म्हणाली, “बाबा, शाळेत सगळे इंग्रजीत आहे, प्रार्थना तरी दोन भाषांत कशाला?” ती वाईट नाही, दमलेली आहे. पण मी विचारतो, ज्या भाषेत मुलाला ताप आल्यावर आई “बाळा” म्हणते, त्या भाषेत देवाशी बोलायला दम कसा लागतो? फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नटूनथटून उभे राहणारे माझे नातू मराठी नाहीत असे कोणी म्हणाले तर ते भांडतील. मात्र त्यांच्या घरची गोष्ट त्यांना मराठीत सांगता येणार नाही. मग ते कशाच्या जोरावर भांडणार?

थोरल्या नातवाला परवा मी आजीची ती गोष्ट सांगितली. भाकरीपाशी आलो तेव्हा त्याने मोबाईल उलटा ठेवला आणि विचारले, “मग तो थोरला भाऊ शेवटी आत जातो का?” लूकच्या शुभवर्तमानात बाप अंगणात येऊन थोरल्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. मी त्याला तसेच सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे कोणालाच माहीत नाही?” दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा नातूही आला, आमच्या नातवाने त्याला ती भाकरी सांगितली होती आणि त्यालाही थोरल्या भावाची चौकशी करायची होती.

येत्या नाताळाच्या आधीचे चारही रविवार, रात्री आठ वाजता, आमच्या घरी गोष्टी होतील. मराठीत. काकूंना आणि त्यांच्या नातवाला बोलावले आहे. काकूंनी श्रावणातली एक कहाणी सांगायची आहे. फराळ नेहमीचाच, आणि काकूंचा हट्ट म्हणून एक केक. आमच्या पाळकांनाही निरोप धाडला आहे. त्यांनी जरूर यावे, पण ऐकायला.